नोंद ठेवावी की काढावी?

यंत्राचे दोष दोन प्रकारचे असतात: कायम राहणारे आणि येऊन-जाऊन असणारे. पहिला दोष कितीही मोठा असला तरी सरळ असतो. मोटर जळाली की जळाली. ती भरून येईपर्यंत आपण विहिरीवरून घागरी आणतो आणि त्यात कोणाचे दुमत होत नाही. दुसऱ्या प्रकारचा दोष मात्र माणसाचा विवेक तपासून पाहतो. कारागीर आला की यंत्र निमूटपणे चालते आणि तो पायरी उतरला की बंद पडते. काही दिवसांनी घरातली माणसे यंत्राचा नाद सोडून एकमेकांवर संशय घेऊ लागतात. कोणी हात लावला, कोणी वायर ओढली, कोणी काय दाबले, याची चौकशी सुरू होते. अशा एका दोषाचा माग काढण्यात माझे काही महिने गेले. निवृत्त माणसाला तेवढा वेळ असतो.

आमचे घर अंबाजोगाईत आहे. वडील तहसील कचेरीत कारकून होते, आणि कचेरीबाहेर त्यांचा एकच व्यासंग होता. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते पंचक्रोशीतल्या सप्ताहांना जात, मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवात बसत आणि कीर्तन, भजन, प्रवचन जे कानी पडेल ते फितीवर उतरवून घेत. आपेगाव याच तालुक्यातले. त्यामुळे पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज जवळून ऐकण्याचा योग इथल्या रसिकांना वारंवार आला, आणि वडिलांच्या काही फितींत तो आहे. मध्येच कोणाचा खोकला ऐकू येतो, लहान मूल रडते, ‘पंगत बसली, पंगत बसली’ अशी हाक येते. ध्वनिमुद्रण म्हणून ते सामान्य आहे, परंतु त्या गावांचे त्या काळचे आवाज दुसरीकडे कोठे उरले असतील असे मला वाटत नाही.

फीत ही टिकाऊ वस्तू नव्हे. तिच्यावरचा लोहकणांचा थर झडतो, पावसाळ्यात बुरशी धरते, आतली नमद्याची चकती गळून पडते. वडिलांच्या पश्चात मी त्या सगळ्या कॅसेट संगणकावर उतरवायला घेतल्या. या कामाला घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, आणि तेवढा वेळ कान देऊन बसावे लागते, कारण फीत कोठे अडकेल याचा नेम नसतो. उतरवलेले सारे मी दोन हार्ड डिस्क असलेल्या एका साठवण यंत्रात ठेवले. ते राउटरला जोडलेले असते आणि घरातल्या कोणत्याही उपकरणाला त्यातले काढून ऐकता येते. जाणकार त्याला नॅस म्हणतात. आमच्याकडे त्याला डबा म्हणतात. पेटी म्हटले की आईला बाजाची पेटी वाटते. हा डबा आतल्या खोलीतल्या कपाटात, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या मागे रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा संगणक. त्यावर कोडी नावाचा प्लेअर चालतो. तो मुळात एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी लोकांनी लिहिलेला, २०१४ साली या नावाने ओळखला जाऊ लागलेला आणि विनामूल्य आहे. आई सायंकाळी दिवा लावून खुर्चीत बसली की मी रिमोटने एक कीर्तन लावून देतो.

व्यवस्था उत्तम चालली आणि मग अधूनमधून बिघडू लागली. यादीत नावे सगळी दिसायची: कीर्तनकार, गाव, साल. एखाद्या नावावर दाबले की पडद्यावर चक्र फिरायचे, थोडा वेळ जायचा आणि मग उत्तर यायचे की ही फाइल उपलब्ध नाही. आई विचारायची, “आज बी लागंना का रे?” दुसऱ्या दिवशी तेच कीर्तन विनातक्रार लागायचे.

सल्ला देणारे पुष्कळ भेटले. बाजारातल्या संगणक दुरुस्ती करणाऱ्याने डबा न पाहताच डिस्क गेली म्हणून सांगितले. शेजाऱ्यांच्या मते दोष वायरिंगचा होता. पुण्यात संगणकाच्याच क्षेत्रात असलेला पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, तो जुना डबा टाकून द्या, सगळं क्लाउडवर ठेवू.” प्रत्येकाचा सल्ला त्याच्या अनुभवातून आलेला होता आणि कोणाचाच हेतू वाईट नव्हता. फक्त एक गोष्ट कोणी विचारली नाही: जेव्हा प्लेअरला डबा सापडत नाही, तेव्हा डबा काय करीत असतो?

कपाट उघडून पाहिले तर तो आपल्या जागी होता. हिरवा दिवा स्थिर, पंख्याची बारीक घरघर चालू, डिस्कवर हात ठेवला तर कोमट. त्याच क्षणी माझ्या संगणकावरून त्याला नावाने हाक मारली, तर त्याने सगळी कपाटे उघडून दाखवली. म्हणजे बाहेरच्या खोलीत जे ‘उपलब्ध नाही’ होते ते आतल्या खोलीत पूर्णपणे उपलब्ध होते. मग मी एक वही केली. दोष केव्हा आला, त्याआधी घरात काय घडले, वीज गेली होती का, कोण आले होते, हे लिहू लागलो. मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे नोंदवहीचा कंटाळा नव्हता.

वहीने जे दाखवले ते मला अपेक्षित नव्हते. वीज गेल्यानंतर दोष येतो असा माझा कयास होता आणि तो अर्धाच खरा होता. वीज तर आमच्याकडे पावसाळ्यात केव्हाही जाते. परळीचे औष्णिक केंद्र इथून पंचवीस-एक किलोमीटरवर आहे, पण २०१५ साली त्याचेच सारे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते; तेव्हा शेजारधर्माने अखंड वीज मिळावी अशी अपेक्षा आम्ही ठेवीत नाही. परंतु दर वेळी वीज गेल्यावर दोष येत नव्हता. तो महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत हमखास आला, दिवाळीत आला, भाचीच्या साखरपुड्याला आला. घर पाहुण्यांनी भरलेले असावे आणि त्यातच वीज जाऊन यावी, असा योग जुळला की आईचे कीर्तन बंद पडत होते.

कारण समजले तेव्हा ते साधे निघाले. घरातल्या जाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक क्रमांक देतो. १९२.१६८.१.५ अशा धर्तीचा तो क्रमांक म्हणजे त्या उपकरणाचा पत्ता. हा पत्ता मालकीचा नसतो. ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर मिळतो, आणि तंत्रज्ञही त्याला भाडेपट्टा याच अर्थाने ‘लीज’ म्हणतात. कोणता क्रमांक कोणाला दिला याची यादी साधे राउटर तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली, इन्व्हर्टरवर येण्याच्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, की ती यादी पुसली जाते. बहुतेक उपकरणे परत येताना आपला जुनाच क्रमांक मागतात आणि तो मोकळा असला तर त्यांना मिळतो. म्हणून एरवी काही बिघडत नाही. डबा मात्र सावकाश उठणारा. डिस्क फिरू लागणार, स्वतःची तपासणी करणार, मग जाळ्यावर येणार, यात त्याची काही मिनिटे जातात. तेवढ्यात एखाद्या पाहुण्याचा नवा फोन आला की मोकळा दिसणारा पाच क्रमांक त्याला दिला जातो. डबा येतो, त्याला अकरा मिळतो, आणि तो तक्रार न करता अकरावर काम सुरू करतो. प्लेअरच्या कागदपत्रांत मात्र पाचच लिहिलेला असतो. तो पाचचे दार ठोठावतो. तिथे कोणा मामेभावाचा फोन असतो, त्याला कीर्तनाचे काही ठाऊक नसते. प्लेअर थोडा थांबतो आणि सांगतो, उपलब्ध नाही.

उपाय दोन होते आणि दोन्ही फुकट. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच एक कायमचा ओळखक्रमांक मिळालेला असतो. राउटरच्या मांडणीत तो लिहून ‘या ओळखीच्या यंत्रासाठी हाच पत्ता राखून ठेव’ असे सांगता येते. ही सूचना तात्पुरत्या स्मृतीत राहत नाही, वीज गेली तरी टिकते. दुसरा उपाय प्लेअरच्या बाजूचा: सुरू होताच धावू नको, जाळे तयार होईपर्यंत थांब. या दोन गोष्टी केल्या आणि त्या वर्षीच्या महालक्ष्म्या निर्विघ्न पार पडल्या.

काही महिन्यांनी तोच संदेश पुन्हा पडद्यावर आला. या वेळी पत्ता बरोबर होता. डबा जागेवर होता, त्याच्यापर्यंत हाकही पोहोचत होती, आणि तरी दार उघडत नव्हते. संगणकांनी एकमेकांच्या फाइली मागाव्या कशा आणि द्याव्या कशा, याचे संकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी बांधले. पुढे मायक्रोसॉफ्टने ते वाढवले. आपल्या घरी येणाऱ्या बहुतेक साठवण यंत्रांत मात्र ‘सांबा’ नावाची त्याच संकेतांची मुक्त आवृत्ती असते. तिचा आरंभ कॅनबेराच्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९२ च्या सुमारास केला. त्याच्याजवळ मूळ कंपन्यांची कागदपत्रे नव्हती. दोन यंत्रे एकमेकांशी बोलत असताना तारेवरून काय जाते ते त्याने निरखले, एकाने असे विचारले की दुसरे काय उत्तर देते हे जुळवत नेले आणि त्यातून संपूर्ण भाषा उलगडली. मला या माणसाविषयी आदर वाटतो. दोन अपरिचितांचे संभाषण धीराने ऐकत राहणे आणि आपले अनुमान पुनःपुन्हा तपासणे, हे आमच्याकडच्या जुन्या पाठशाळांतही श्रेष्ठ अध्ययन मानले गेले असते.

त्या संकेतांची पहिली आवृत्ती दुबळी होती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने तिच्यातल्या एका छिद्रातून जगभरचे संगणक, रुग्णालयांतलेसुद्धा, कुलूपबंद केले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोजच्या नव्या रूपात ती आवृत्ती मुळातूनच बंद ठेवण्यात आली आणि २०१९ मध्ये सांबानेही तेच केले. नवी यंत्रे जुनी बोली बोलायला तयार नाहीत, आणि माझा डबा त्या जुन्या बोलीवरच अडलेला होता. प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्याबरोबर दोघांचे संभाषण तुटले. डब्याच्या मांडणीत जाऊन त्याला पुढची आवृत्ती स्वीकारायला लावले आणि प्रश्न मिटला. त्यानंतर तिसरे कारणही निघाले, ते म्हणजे झोप. बराच वेळ कोणी काही मागितले नाही की डिस्क फिरणे थांबवते. पुन्हा गती घ्यायला तिला आठ-दहा सेकंद लागतात आणि प्लेअरला तेवढा धीर नसतो. आई एकदा लागले नाही म्हणून थांबते आणि दुसऱ्यांदा दाबायला सांगते, तेव्हा लागते. तो दोष मी तसाच ठेवला आहे. डिस्क रात्रंदिवस फिरवून तिचे आयुष्य कमी करण्यापेक्षा दोनदा बटण दाबणे बरे.

पत्ता बदलला, बोली बदलली, झोप लागली. कारणे तीन, एकमेकांशी असंबद्ध, आणि यंत्राचे उत्तर तिन्ही वेळी एकच. या अवस्थेत त्या प्लेअरने मला एक प्रश्न विचारला, आणि तो माझ्या डोक्यातून गेला नाही. कोडीत संग्रह स्वच्छ करण्याची एक सोय आहे. ज्या फाइली आता सापडत नाहीत त्यांच्या नोंदी यादीतून काढून टाकण्यासाठी ती असते. डबा दिसेनासा झाला असताना मी ती चालवून पाहिली, तर पडद्यावर विचारणा आली: हा मार्ग सापडत नाही, इथल्या नोंदी ठेवायच्या की काढून टाकायच्या? खाली दोन बटणे. एका बटणाच्या दाबाने वडिलांच्या सगळ्या फितींची नावे, गावे, साले, मी महिनोन्‌महिने बसून लिहिलेली टिपणे प्लेअरच्या दृष्टीने नाहीशी झाली असती. मूळ ध्वनी आतल्या खोलीत सुखरूप असता, हिरवा दिवा तेवत असता, आणि बाहेरच्या खोलीत त्यांचे अस्तित्वच उरले नसते. यंत्र लिहिणाऱ्याने सावधपणे विचारण्याची व्यवस्था ठेवली होती याबद्दल मी त्या अज्ञात माणसाचा ऋणी आहे. न विचारता काढून टाकणे अधिक सोपे झाले असते.

आपल्या दर्शनशास्त्रांनी या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ज्ञानाच्या सहा साधनांत अनुपलब्धीला स्थान देतात: एखादी वस्तू नाही हे आपल्याला ती न दिसण्यावरून कळते. नैयायिक तिला स्वतंत्र साधन मानीत नाहीत. तो वाद इथे बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती अट. नुसते न दिसणे पुरत नाही. ती वस्तू तिथे असती तर अवश्य दिसली असती, अशी सगळी सामग्री हजर असली पाहिजे. तरच न दिसण्यावरून नसण्याचा निर्णय करता येतो. याला त्यांनी योग्यानुपलब्धी म्हटले. धर्मराज अध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथात याची चर्चा आहे. काळोखात जमिनीवर घागर दिसली नाही, म्हणून तिथे घागर नाही असे म्हणता येत नाही. आधी दिवा आणावा लागतो. आमच्या गावी मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांचे देवघर आहे. वेदान्ताचे शब्द लहानपणापासून कानांवरून जात आले. पण या अटीत एक कर्तव्य सांगितलेले आहे, हे मला घागरीऐवजी डब्यामुळे उमगले. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने दिवा स्वतः आणायचा आहे. घागरीकडे ते काम नाही. पत्ता तपासणे, बोली जुळवणे, झोपेतून उठायला वेळ देणे, ही शोधणाऱ्याची कामे आहेत, आणि ती करण्याआधी त्याने दिलेला निर्णय वस्तूविषयी काही सांगत नाही. त्याच्या स्वतःच्या अंधाराविषयी सांगतो.

दासोपंतांच्या देवघरावरून आठवले. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या संतकवीने पंचीकरणाचा विषय एका खादीच्या पासोडीवर लिहून ठेवला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असे ते वस्त्र. चार शतके होऊन गेली. ते वाचायला वीज लागत नाही, राउटर लागत नाही, कोणत्या आवृत्तीची बोली चालते हे विचारावे लागत नाही. उजेड असावा आणि जुन्या वळणाचे अक्षर लावता यावे, एवढे पुरते. पुतण्याला मी हे सांगितले तर तो म्हणाला, “काका, पण ती एकच आहे. जळाली तर संपली.” त्याचे म्हणणे खोटे नाही. वडिलांच्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत आता पुण्यात त्याच्याकडे आहे.

नोंद ठेवावी की काढावी हा प्रश्न डब्यापूर्वीही माझ्यासमोर आला होता, तो शाळेच्या पटावर. निवृत्तीपूर्वी मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक होतो, आणि त्यातली बरीच वर्षे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत गेली. बीड जिल्ह्याचा हा भाग ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर आणि ट्रक लागू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. दिवाळीच्या आगेमागे संसार पोत्यांत बांधून माणसे सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत जातात, आणि गाळप आटोपल्यावर पाडव्याच्या सुमारास परततात. मागे म्हातारी माणसे आणि कुलपे राहतात. काही मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात थांबतात, पुष्कळशी आईबापांबरोबर जातात, कारण धाकट्याला सांभाळायला थोरली लागते.

शाळेच्या दृष्टीने काय घडते? हजेरीपटावर नावापुढे रोज गैरहजेरीची खूण पडते. ती खूण खरी असते. मूल वर्गात नसते. काही आठवडे गेले की कागदोपत्री त्याचे वर्णन ‘सतत गैरहजर’ असे होते, आणि मग कोणी तपासायला आले की सूचना मिळते की पट स्वच्छ ठेवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण काढणे आणि पटावरून उतरणे यांत कागदाला पुष्कळ वाटा ठाऊक असतात. मूल शिकत असते की नाही, कोठे असते, कोणत्या फडात, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, हे हजेरीपट विचारत नाही. तो पाचचे दार ठोठावतो.

मी इथे एकच बाजू मांडली तर ते न्यायाचे होणार नाही. न सापडणे हे कधीकधी खरोखर नसणेही असते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली गेली, आणि हजारो शाळांत अशी नावे निघाली की ज्यांना माणूसच नव्हता. अनुदानासाठी, तुकडी टिकवण्यासाठी ती लिहिलेली होती. त्या नोंदी काढणे हेच कर्तव्य होते. जी यादी कधीच साफ होत नाही तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि मग खऱ्या नावांचेही मोल उतरते. तेव्हा नोंद ठेवावी की काढावी याचे सरसकट उत्तर मजजवळ नाही. मात्र खोट्या नावाला आणि दूर गेलेल्या मुलाला कागद एकच खूण लावतो, आणि दोघांतला भेद खुर्चीत बसून करता येत नाही; त्यासाठी कोणाला तरी उठून जावे लागते किंवा निदान फोन करावा लागतो. शासनाने या भेदासाठी साधने निर्माण केली आहेत हे नोंदवले पाहिजे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देता येते. मूल कोणत्या इयत्तेत आहे, कोठवर शिकले आहे हे त्यावर लिहिलेले असते, आणि ते पाहून कारखान्याजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे असते. शिधापत्रिकेवरचे धान्य दुसऱ्या गावी घेता यावे यासाठीही व्यवस्था झाली. या साऱ्यामागची कल्पना राखून ठेवलेल्या पत्त्याचीच आहे: माणूस कोठेही गेला तरी त्याची ओळख पुसू नये. पण पत्रक आपोआप तयार होत नाही. ते ट्रॅक्टर निघण्यापूर्वी भरून मुलाच्या दप्तरात ठेवावे लागते, आणि ट्रॅक्टर केव्हा निघणार हे पुष्कळदा मुकादमालाही आदल्या रात्रीच कळते.

एका वर्षीची चौथीतली एक मुलगी मला या संदर्भात आठवते. वाचन उत्तम, गणितात भागाकारापाशी अडखळणारी. दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. आजीला विचारले तर, “गेली की कारखान्यावर,” एवढेच उत्तर. कोणत्या कारखान्यावर हे आजीला ठाऊक नव्हते. गावातल्या किराणा दुकानदाराकडून मुकादमाचा नंबर मिळाला, मुकादमाकडून टोळीतल्या एकाचा, त्याच्याकडून कारखान्याचे आणि फडाजवळच्या वस्तीचे नाव. सांगली जिल्ह्यातल्या त्या वस्तीशाळेच्या बाईंचा क्रमांक शोधून त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, सहा-सात मुलं खोपीपाशी हिंडताना दिसतात, पण कोणती कुठली ते कळत नाही.” मी मुलीचे नाव सांगितले, पत्रक भरून एका निघालेल्या ट्रकबरोबर पाठवले. बाईंनी तिला बसवून घेतले. आमच्या पटावर तिच्या नावापुढे मी ‘स्थलांतरित, शिक्षण सुरू’ असा शेरा आणि त्या शाळेचे नाव लिहिले.

पाडव्यानंतर ती परतली. पाठ्यपुस्तक दोन्हीकडे एकच होते, तरी तिकडे धडे वेगळ्या क्रमाने झाले होते: भागाकार पुरा झाला होता, अपूर्णांकांना हात लागला नव्हता. वर्ग दुपारचा सुटला की तिला आणि तिच्याबरोबर परतलेल्या दोघांना बसवून मी अपूर्णांक घेऊ लागलो. भाकरीचे तुकडे करून दाखवायचे तर भाकरी तिचीच होती, म्हणून ती समान भागांबाबत फार दक्ष असे.